पळसाच्या पानांचा माणूस

“एकाच माणसाचं दहावं दोनदा करता येतं का, गुरुजी?”

चिंतामण ओट्याशी धापा टाकत उभा होता. घाटाच्या साऱ्या पायऱ्या तो पळत चढून आला होता. वेदशाळेतून पहिला आलेला हा शिष्य सहसा प्रश्न विचारत नसे. तो उत्तरं देत असे.

दाजीशास्त्री पत्रावळ लावत बसले होते. त्यांनी पळसाच्या पानाला बांबूची चोय टोचली.

“कुणाचं?”

“सायकल स्टँडवाल्या हवालदारांचं. सर्जेराव खराडे. आज दहावा दिवस.”

“मग कर की.”

“सगळी मांडामांड झाली होती, गुरुजी. तेवढ्यात तात्या न्हावी वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाला, ‘ह्यांच्या दहाव्याला मी एकदा वस्तरा चालवलाय. तेराव्याला जेवलोयसुद्धा. लाडू झकास होते.’ लोक हसले, गुरुजी. नदीवर, दहाव्याला, लोक हसले!”

शास्त्रीबुवा हसले नाहीत.

“तात्या खरं सांगतोय. लढाईच्या वर्षी तार आली होती, सर्जेराव कामी आला म्हणून. देह आला नाही. मी पळसाच्या पानांचा माणूस केला आणि नदीवर जाळला. दहावं, तेरावं, सगळं केलं. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो.”

“आणि हवालदार?”

“कैदेत होता. वर्षभरानं एसटीतून उतरला. हातात पत्र्याची पेटी.”

चिंतामणला हायसं वाटलं.

“मग सोपं आहे. क्रियाकर्म झालेला माणूस परत आला, तर त्याला नव्यानं जन्म द्यायचा. जातकर्म, बारसं, त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तुम्ही ते केलंच असेल.”

“पाळणासुद्धा आणला होता. आळीतल्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या.”

“मग?”

“तो बसला नाही. म्हणाला, ‘मी मेलोच नाही, तर जन्मू कसा?’”

चिंतामण ओट्यावर बसला. त्यानं बोटांवर हिशेब लावला. पुन्हा लावला.

“म्हणजे पोथीप्रमाणे हवालदार पन्नास वर्षांपूर्वी वारले. आणि दहा दिवसांपूर्वी जे वारले, ते कधी जन्मलेच नाहीत…”

“हो.”

“मग मेलं कोण?”

शास्त्रीबुवांनी दुसरं पान उचललं. ते फाटकं निघालं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“मी घाटावर सांगून आलोय,” चिंतामण म्हणाला. “म्हटलं, हे शास्त्रात बसत नाही. विधी होणार नाही.”

“मीही असंच सांगितलं होतं.”

“कधी?”

“त्याच्या मुलीच्या लग्नात. म्हटलं, मेलेल्या माणसाला कन्यादान करता येत नाही. चुलत्यानं केलं. हा मांडवाबाहेर वऱ्हाडाच्या सायकली ओळीत लावत होता. सगळ्यांची हँडलं एका बाजूला.”

शास्त्रीबुवांनी नवी चोय घेतली.

“दर वर्षी त्या तिथीला इथे यायचा. अंगणात उभा राहून सॅल्यूट ठोकायचा. ‘शास्त्रीबुवा, आज मला जाऊन बावीस वर्षं झाली. पान वाढा!’ पुढच्या वर्षी तेवीस. तू बसलायस ना, तिथेच बसून जेवायचा.”

चिंतामण नकळत थोडा सरकला.

“तुमची चेष्टा करायचे?”

“पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं.”

“आणि नंतर?”

“नंतर मी त्या दिवशी त्याची वाट बघायला लागलो. पण घरात ये, असं कधी म्हणालो नाही.”

अंगणात एक चिमणी आली. फाटक्या पानावर दोन उड्या मारून गेली.

“त्यांचं जाणंही कुणाला कळलं नाही,” चिंतामण म्हणाला. “स्टुलावर बसल्या बसल्या गेले. लोक येत होते, त्यांच्या हातात बिल्ला ठेवत होते, आपापली सायकल घेऊन जात होते. शेवटी बघितलं तेव्हा ओंजळीत सात बिल्ले होते.”

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

“गयाबाई काय म्हणते?”

“त्यांची बायको? ती तर आणखीच घोळ घालते. मला म्हणाली, ‘भटजी, त्या पानांच्या माणसापाशी मी समदं रडून घेतलं. आता ह्यांच्यासाठी काही उरलंच न्हाई बघा. धा दिस झाले, डोळा ओला होईना. कुकूबी तवाच पुसलंय. आता परत पुसू, का ते पयलंच चालतंय?’ … मला उत्तर सुचलं नाही, गुरुजी. म्हणून पळत आलो.”

“आज कुंकू लावलंय तिनं?”

“एवढं मोठं. पुसायला कुणी धजलंच नाही.”

शास्त्रीबुवांनी अर्धी पत्रावळ खाली ठेवली.

“काठी दे.”

गुडघे धरल्यापासून चार वर्षांत ते नदीवर उतरले नव्हते. एकेक पायरी थांबत थांबत ते उतरले. चिंतामण दंडाला धरून होता.

घाटावरची माणसं उठून उभी राहिली. तात्यानं वस्तरा मिटला. गयाबाई पिंडांच्या भाताच्या पातेल्यापाशी बसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“शास्त्रीबुवा? तुमी खाली उतरलासा?”

“गयाबाई, तेव्हा तुम्ही मला एक विचारलं होतंत.”

“व्हय. म्हनलं हुतं, नक्की मेलेत का?”

“मी काय म्हणालो?”

“तुमी पोथीवर हात ठिवला. म्हनला, पूस.”

“हो.”

शास्त्रीबुवा ओल्या दगडावर बसले. गुडघे कडाडले. त्यांनी मान वाकवून कपाळ तिच्यापुढे केलं. सकाळी लावलेलं गंध घामानं ओलसर झालं होतं. त्या गंधावाचून गावानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“पुसा.”

गयाबाईला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

“असं काय करताय, बुवा… मी कशी…”

“पुसा.”

तिनं शेजारी बसलेल्या लेकीकडे बघितलं. मग हात पुढे केला. लहान पोराचं तोंड पुसावं तसं अंगठ्यानं हळूहळू पुसलं. एकदा. राहिलं होतं, म्हणून पुन्हा एकदा.

मग ती आपल्या पिवळ्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिच्या घशातून कसलासा आवाज आला. ते रडणं होतं की हसणं, चिंतामणला कळेना.

तो गुरूंच्या कानाशी वाकला. गुरूंचं कोरं कपाळ त्याला बघवत नव्हतं.

“गुरुजी, हे कुठे लिहिलंय? … आणि त्यांनी कुंकवाचं काय करायचं? मी नाव तरी कुणाचं घेऊ? जो तेव्हा गेला त्याचं, की…”

शास्त्रीबुवांनी पातेल्यावरचं झाकण सरकवलं.

“हात धुऊन घे, चिंतामण. भात वाळत चाललाय.”