डुबुकची कोरडी डोणी

त्या दिवशी ऊन फार होतं. आभाळ पांढरं पडलं होतं. वारा नव्हता. लिंबाचं एक पान हलत नव्हतं, बाळांनो. एकसुद्धा नाही.

लिंबाखाली होती एक दगडाची डोणी. डोणीत असायचं पाणी. पाण्यात राहायचा एक इवलासा बेडूक. त्यानं उडी मारली की आवाज यायचा, डुबुक! म्हणून त्याचं नावच डुबुक.

त्या दिवशी डुबुकनं उडी मारली. आवाज आला, टपाक!

पाणीच नव्हतं. खाली नुसता कोरडा दगड.

डोणीच्या कडेला राहायची गोगलगाय. ती त्याची शेजारीण. तिनं शंखातून डोकं काढलं. हळू हळू काढलं. ती सगळंच हळू करायची.

"डुबुक रे, तुझं पाणी मोटार प्यायली. काल तळ्यावर निघाली होती. फाटकातच तापली. कोंडाजीबाबांनी तुझं पाणी तिला पाजलं. तिनं त्याची वाफ केली. फुस्स्!"

"मग आता माझी डोणी कोण भरणार?"

"मोटारच की. तळ्यावरनं पाण्याचे डबे तीच आणते. जा, तिला सांग. मी आहे इथं."

आणि गोगलगाय शंखात गेली. फार कोरडं झालं होतं ना.

डुबुक निघाला. टपाक टपाक. टपाक टपाक.

अंगणात उभी होती कोंडाजीबाबांची निळी मोटार. खूप म्हातारी. तिचं जुनं इंजिन खोकून खोकून बंद पडलं होतं. मग बाबांनी तिच्या पोटात दुसरं इंजिन बसवलं. तेव्हापासून ती तापायची. जरा चालली की फुस्स्!

डुबुक म्हणाला, "मोटारबाई, मोटारबाई, तळ्यावर जा ना! माझी डोणी भरेना."

मोटार म्हणाली, "नाही जाणार. इंजिन तापतं माझ्या पोटात. ते तापायचं थांबेल, तर मी जाईन."

डुबुक निघाला. टपाक टपाक. टपाक टपाक.

"इंजिनदादा, इंजिनदादा, तापू नको ना!
मोटार तळ्यावर जाईना,
माझी डोणी भरेना."

इंजिन म्हणालं, "नाही थांबणार. मी इथं नवीन. माझ्याकडे येतं ते पाणी गरमच. रेडिएटर पाणी गार करील, तर मी थांबेन."

डुबुक निघाला. टपाक टपाक. टपाक टपाक.

मोटारीच्या पुढच्या जाळीमागे बसला होता रेडिएटर. इंजिनाचं पाणी गार करायचं, हे त्याचं काम.

"रेडिएटरकाका, रेडिएटरकाका, पाणी गार करा ना!
इंजिन तापायचं थांबेना,
मोटार तळ्यावर जाईना,
माझी डोणी भरेना."

रेडिएटर म्हणाला, "नाही करणार. वाऱ्याशिवाय कसं करू? पंखा माझ्यातून वारा ओढील, तर मी करीन."

डुबुक निघाला. टपाक... टपाक. अंग सुकायला लागलं होतं त्याचं.

रेडिएटरमागे होता विजेचा पंखा. नव्या इंजिनाबरोबर तोही नवा बसवलेला.

"पंखामामा, पंखामामा, वारा ओढ ना!
रेडिएटर पाणी गार करेना,
इंजिन तापायचं थांबेना,
मोटार तळ्यावर जाईना,
माझी डोणी भरेना."

पंखा म्हणाला, "कसा ओढू बाळा? माझं तोंड रस्त्याकडे केलंय. मी वारा बाहेर फुंकतो. पाना मला सोडवील, उलटा फिरवील, तर मी ओढीन."

डुबुक निघाला. टपाक... टपाक.

पत्र्याच्या पेटीत झोपला होता पाना. घट्ट नट तोच सोडवायचा.

"पानाभाऊ, पानाभाऊ, पंखा फिरव ना!
पंखा वारा ओढेना,
रेडिएटर पाणी गार करेना,
इंजिन तापायचं थांबेना,
मोटार तळ्यावर जाईना,
माझी डोणी भरेना."

पाना म्हणाला, "मला का पाय आहेत? बाबा मला उचलतील, तर मी फिरवीन."

डुबुक निघाला. टपाक... मग थांबला. मग... टपाक.

कोंडाजीबाबा ओसरीवर बसले होते. हात मांडीवर. डोळे मोटारीकडे.

डुबुक त्यांच्या पायाशी आला. घसा कोरडा. तरी म्हणाला,

"बाबा, बाबा, पाना उचला ना!
पाना पंखा फिरवेना,
पंखा वारा ओढेना,
रेडिएटर पाणी गार करेना,
इंजिन तापायचं थांबेना,
मोटार तळ्यावर जाईना,
माझी डोणी भरेना."

बाबा म्हणाले, "नाही रे लेकरा. सगळं करून पाहिलं मी. पाणी बदललं. नळ्या धुतल्या. आता हिला भंगारात घालतो."

"पण बाबा, पंखा उलटा आहे!"

"उलटा?" बाबांनी खाली वाकून बघितलं. "मोठा आला मिस्त्री! अंगठ्याएवढा आहेस, आणि मला शिकवतोस? अरे, दसऱ्याला मी त्या पंख्याला कुंकू लावलं. त्याच्या तोंडावर, मधोमध. बसवताना कुंकू रस्त्याकडे ठेवलं. पूजेचं कुंकू पाठीमागं ठेवतात होय?"

डुबुक लिंबाखाली गेला. एक सुकलेलं पान तोंडात धरलं. ओढत ओढत आणलं. मोटारीवर चढला. पान जाळीला लावलं, आणि धरून बसला.

"बाबा, बाबा, पंख्याची कळ दाबा ना!"

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश उठले. कळ दाबली.

गर्र गर्र गर्र!

पान उडालं, फुर्र! डुबुकही उडाला. धुळीत पडला, पाठीवर.

पडल्या पडल्या डुबुक म्हणाला, "बाबा, आज तर वारा नाही. लिंबाचं पान हलत नाही. मग हे पान कुणी उडवलं?"

बाबा जाळीपाशी आले. मग त्यांनी जाळीसमोर हात धरला. हाताला वारा लागला. बाहेर येणारा वारा.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कुंकवापायी मी मोटारीचं तोंडच दाबून धरलं रे," बाबा म्हणाले. "आत वारा जायचा तो जाऊच दिला नाही. आणि वर तुझं पाणी घेतलं."

बाबांनी माठात हात बुडवला. डुबुकच्या पाठीवर थेंब सोडले. टिप टिप.

मग काय झालं?

बाबांनी पाना उचलला. पान्यानं पंखा सोडवला, कुर्र कुर्र. पंखा फिरवून बसवला. कुंकू गेलं आत, इंजिनाकडे. बाबांनी ते एकदा बघितलं. म्हणाले, "आत राहिलं तरी कुंकूच आहे."

डुबुकनं पान पुन्हा जाळीला लावलं. बाबांनी कळ दाबली. गर्र गर्र गर्र! पान उडालं नाही. चिप्प! जाळीला चिकटून बसलं.

माठातलं उरलेलं पाणी बाबांनी रेडिएटरमध्ये ओतलं. डबे मागे ठेवले. मोटार निघाली.

डुबुक कोरड्या डोणीच्या काठावर बसला. ऐकत बसला. मोटार फाटकापाशी गेली. इथंच ती काल तापली होती.

फुस्स् ऐकू आलं नाही.

मोटार चढावर गेली.

फुस्स् ऐकू आलं नाही.

मग आवाजच येईना. डुबुकनं डोळे मिटले. ऊन होतं तसंच होतं.

आणि मग, लांबून, घुर्र... घुर्र... घुर्र घुर्र घुर्र!

पान्यानं पंखा फिरवला होता,
पंख्यानं वारा ओढला होता,
रेडिएटरनं पाणी गार केलं होतं,
इंजिन तापायचं थांबलं होतं,
मोटार तळ्यावर जाऊन आली होती!

बाबांनी डबा उचलला. घरात नेला नाही. आधी लिंबाखाली आणला. डोणीत ओतला. घळ घळ घळ. डोणी भरली, काठापर्यंत.

"हे तुझं," बाबा म्हणाले. "तुझं होतं, तुला दिलं."

डुबुक काठावर बसला. पाण्याकडे बघत राहिला. उडी मारायचं जणू विसरलाच होता.

शेजारच्या शंखाला ओल लागली. गोगलगायीनं डोकं काढलं. हळू हळू काढलं. पाणी बघितलं. डुबुककडे बघितलं. आणि म्हणाली,

"डुबुक रे, मला काही उडी येत नाही. एक उडी माझ्या नावाची मार."