पाखड झडायच्या आत

एका राज्यात राजा मोजकं बोले आणि पाणवठा मात्र अष्टौप्रहर बडबडे. त्या पाणवठ्यावर एके सकाळी सगुणेच्या कानी आलं, "राजाच्या भातात म्हणे एक बाई पाखड गवत होऊन उभी आहे. ओळखली तर परत माणूस होईल, पण—" तेवढ्यात गंगू कासारणीची घागर दगडावर आपटली आणि पुढचं त्या आवाजात बुडालं.

सगुणा गर्रकन वळली. तिची धाकटी बहीण भागू राजाच्या खाचरात तण बेणायला गेली, त्याला तीन दिवस झाले होते.

"अगं, पण काय?"

"मला काय ठाऊक? मीही अर्धंच ऐकलं!" गंगू म्हणाली.

भरली घागर तिथेच टाकून सगुणा निघाली. चालणं कसलं, धावणंच ते.

राजाच्या खाचराच्या बांधावर भस्मकेतू मांत्रिक बसला होता. खांद्यावर बोलकी साळुंकी.

"तुझ्या बहिणीने माझं मंतरलेलं रोप तण म्हणून उपटलं," तो म्हणाला. "म्हणून तिलाच तण केलं. या खाचरात भातासारखं दिसणारं पाखड एकच, बाकी सारं भात. आत्ता अंकुर आहे, दुपारी फुटवे येतील, सांजेला दाणा. तिन्ही वेळा ओळख. चुकलीस तर तूही इथेच उगवशील. आणि दाणे भुईवर झडले, तर बहीण हजार ठिकाणी उगवेल. मग हाक कुणाला मारशील?"

"बाई, घरी जा," साळुंकी म्हणाली. "हिरव्यात हिरवं कुणाला गवसलंय?"

"तू आपले किडे वेच," म्हणत सगुणा चिखलात उतरली.

पातं न् पातं वाकवून ती सांध्यात बघत गेली. भाताच्या पात्याला तिथे इवली पांढरी जीभ असते, पाखडाला नसते. सूर्य हातभर वर आला तेव्हा एक मुका सांधा सापडला. "हीच माझी भागू."

दुपारी मांत्रिकाने टाळी वाजवली. रोपं गुडघाभर झाली, जागा बदलून बसली. सगुणेला बसवेना, उभं राहवेना. फुटव्यांच्या दाटीत आता एकेक जीभ पाहायला वेळ नव्हता. ती बुंधे चाचपत निघाली. गोल, गोल, गोल... आणि एक चपटा, खाली लालसर. "हीच."

सांजेला दुसरी टाळी. लोंब्या आल्या. भात अजून हिरवं, आणि मधोमध एकच काळपट तांबूस तुरा. आंधळ्यालाही कळावं असा!

सगुणा झेपावली, आणि थबकली. दरसाल बायका इथेच फसत. ओळख पटे, हात जाई, अन् उपटता उपटता दाणे झडून पुढच्या साली दुप्पट तण! पाखड भाताआधीच पिकतं.

तिने पदर तुऱ्याखाली पसरला, श्वास रोखला आणि तुरा अलगद वाकवला. दाणे झरझर पदरात पडले. भुईवर एकही नाही.

"हीच माझी बहीण," ती म्हणाली.

पदर जड झाला, आणि समोर भागू उभी! भस्मकेतूची राख झाली. साळुंकी गुमान उडून गेली. खाचरात भात सोन्यासारखं पिकलं.

"आक्का," भागू म्हणाली, "पदराची काय ही दशा!"

पाणवठ्याने मग राहिलेलं सांगितलं, "...पण मागचं सारं विसरेल." तसं काही झालं नाही. भागूला माणसं आठवत, नाती आठवत, जुनी भांडणंसुद्धा तोंडपाठ. खाचरात पाखड तर ती सगळ्यांआधी, अंकुरातच ओळखी. उपटायचं तेवढं विसरली होती. त्यासाठी ती सगुणेला हाक मारी, आणि सगुणा ते उपटेतोवर तोंड फिरवून उभी राही.