सात धुराडी

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात लोकांना धुराचा भारी सोस होता. ज्याच्या छपरावर धूर जास्त, त्याचं घर मोठं, असं तिथे मानत. त्यामुळे भात शिजून खाली उतरला तरी चूल विझवायची कोणाची छाती होत नसे. रिकाम्या चुलीत दोन लाकडं सारायची आणि अंगणात येऊन शेजारच्या छपराकडे बघायचं. तिथे धूर जास्त दिसला, की घरात जाऊन आणखी दोन. राजवाड्याला तर सात धुराडी होती आणि सातही दिवसभर भकाभका धूर ओकत.

एवढी चैन जंगलाला कुठली झेपायला! आजोबांच्या काळी गावाच्या कुंपणाला लागून असलेलं जंगल आता दिवसभराच्या वाटेवर गेलं होतं. वखारीत लाकडाची थप्पी गुडघ्याएवढी उरली आणि थंडी तर तोंडावर आली. मग राजाने दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! प्रजाजनांनी निम्मंच लाकूड जाळावं. थोडा त्याग करावा!"

लोकांनी माना डोलावल्या. "महाराज म्हणतात ते अगदी खरं," असं म्हणून राजवाड्याच्या सात धुराड्यांकडे एकदा पाहिलं आणि घरी जाऊन चुलीत लाकूड सारलं. दवंडीवाल्याच्या बायकोनेसुद्धा! आठवड्यात तीन दवंड्या झाल्या. दवंडीवाल्याचा घसा बसला, धूर मात्र तसूभरही कमी झाला नाही.

राजवाड्यात एक म्हातारी आचारीण होती. राजाला ती लहानपणापासून जेवू घालत आलेली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना शेगडीचा शेक हवा. म्हणून आचारीण वखारीत गेली, तर वखारवाला म्हणाला, "मावशी, उरलंय ते सगळं राजवाड्याचं. तुम्हाला द्यायला काटकीसुद्धा नाही." नातवंड थंडीत कुडकुडणार, हाच विचार करत बिचारी रिकाम्या हाताने परतली.

दुपारी राजाला वाढता वाढता ती म्हणाली, "महाराज, चार दिवसांची रजा द्या. जंगलातून मोळी घेऊन येते."

"मावशी, या दुखऱ्या गुडघ्यांनी? आणि इथला स्वयंपाक?"

"तो कोणीही करील. एका चुलीवर तर होतो."

"एका? चुली सात आहेत ना?"

"बाकी सहांवर नुसतं पाणी उकळतं, महाराज. आटलं की पुन्हा ओततो."

"ते कशाला?"

"धुरासाठी."

राजाचा घास हातातच राहिला. त्याला इतकी लाज वाटली की तो पानावरून उठला, हात धुतला आणि थेट मुदपाकखान्यात शिरला. घागर उचलून त्याने एकेका चुलीत पाणी ओतलं. राख उडाली, मिशा पांढऱ्या झाल्या, पण गडी थांबेना. उत्साहाच्या भरात त्याने सातवी चूलही विझवून टाकली.

आता झालं काय, की त्या राज्यात चूल पेटत नसे ती एकाच कारणाने, घरात कोणी गेलं तर. सातही धुराडी थंड दिसली आणि गावात हलकल्लोळ उडाला. "महाराज गेले हो!" रिवाजाप्रमाणे बायकांनी पिठलं-भाताची पातेली झाकून घेतली आणि डोळ्यांना पदर लावत सगळ्या राजवाड्याकडे निघाल्या. पुढे दवंडीवाला हुंदके देत.

दार उघडलं ते राजानेच.

"भूत!" दवंडीवाला किंचाळला. त्याचा बसलेला घसा एका क्षणात मोकळा झाला.

"भूत नाही रे, मीच आहे. कोण गेलं?"

"महाराज... आपण!"

सगळा प्रकार ध्यानात आला तेव्हा राजा पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "मी रोज सहा चुली उगाच पेटवत होतो आणि तुम्हाला त्याग शिकवत होतो. उद्यापासून इथे एकच चूल पेटेल. आज तीही नको. एवढं पिठलं कोण संपवणार?"

राजवाड्याच्या अंगणात पंगत बसली. दोन घास पोटात गेल्यावर एक आजी हळूच म्हणाली, "खरं सांगू? त्या धुराने तीस वर्षं मला खोकला आहे. पण आधी कोण विझवणार, म्हणून थांबले होते." "अगं, मीही!" शेजारीण म्हणाली. पंगतीत जो तो हेच सांगू लागला आणि हसू काही आवरेना.

पाचव्या दिवशी आचारिणीच्या लेकीला मुलगी झाली. राजवाड्यातून गाडीभर लाकूड आलं. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई काखेत आपल्या चुलीतून वाचवलेलं एक लाकूड घेऊन आली. अंगणात ही थोरली थप्पी लागली, तेव्हा आचारीण हात जोडून म्हणाली, "बायांनो, आता पुरे! मला नातीला शेकायचंय, भाजायचं नाही!"

तात्पर्य एवढंच: लोकांना काटकसर सांगायची असेल, तर आधी आपल्या घरची बिनकामाची चूल विझवावी. मग दवंडी पिटावी लागत नाही.