निळीच्या रांजणाचा गूळ

नदी जिथे दोनदा वळण घेते, तिथल्या एका गावात एक रंगारीण राहत होती. तिचे नाव चिमा. तिच्या अंगणात, छपराखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता. त्यात निळीचे पाणी असे. पांढरे कापड त्यात बुडवून वर काढले की आधी हिरवे दिसायचे, आणि वारा लागला की बघता बघता निळे व्हायचे.

हा रांजण तिच्या सासूने लावलेला. निळीचा रांजण जिवंत असतो, असे गावात मानत. त्याला रोज सकाळी मूठभर गूळ आणि कोंडा घालावा लागे, मधूनमधून चुना. पोट भरले की पाण्यावर जांभळट, तांबूस फेस धरे. त्या फेसाला ‘फूल’ म्हणत. फूल असेल तर रंग टिके, नसेल तर कापड पहिल्या धुण्यात पांढरे होई. सासूने जाताना एवढेच सांगितले होते, “पोरी, याला उपाशी ठेवू नकोस. एकदा मेला की असा रांजण पुन्हा लागायला वर्ष जातं.”

रांजणाला गूळ घातला की बोटांना चिकटलेला गूळ चिमा चाटून टाकी. मग चार फुटाणे तोंडात टाकून ती घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसे. फार नाही, भाकरी भाजून होईल एवढाच वेळ. परत येऊन रांजण ढवळताना ती गुणगुणे. तिचा आवाज काही गोड नव्हता. नवरा म्हणे, “लागली आमच्या घरची भांडी घासायला!” ती म्हणे, “कान झाका.”

दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते. लांबच लांब ओले कापड वाळत घालताना नवरा बांबूच्या माळ्यावरून पडला. मांडीचे हाड मोडले, वर ताप चढला. वैद्यांनी हाड बसवले, पट्ट्या बांधल्या आणि म्हणाले, “जुळेल. पण पुरते तीन महिने लागतील. घाई करू नका.”

त्या गावात एक रीत होती. घरात कोणी अंथरूण धरले की घरच्या बाईने देवीपुढे आपली एक आवडती गोष्ट सोडायची, आजारी माणूस उठून चालेपर्यंत. चिमाने घाटाची पायरी सोडली.

नऊ दिवस झाले, ताप उतरेना. चिमाला वाटले, आपण सोडले ते फारच लहान होते. तिने गुणगुणणे सोडले. सोळाव्या दिवशीही ताप होताच, तेव्हा तिने केसातला अबोलीचा गजरा सोडला. मग मीठ सोडले. दोन वेगळी भांडी चढवायचे त्राण नव्हते, म्हणून नवऱ्याच्या ताटातही अळणीच वरण येऊ लागले. तेविसाव्या दिवशी ती देवीपुढे हात जोडून म्हणाली, “हे चालू लागेपर्यंत माझ्या घरात गूळ येणार नाही.”

दुसऱ्या सकाळी ती रांजणापाशी गेली आणि थबकली. हात रिकामा होता. रांजणही घरातलाच, आणि शब्द तर देऊन झालेला. तिने नुसता कोंडा टाकला आणि झाकण लावले.

गूळ बंद झाल्याच्या पाचव्या दिवशी पाण्यावर फूल उरले नाही. सातव्या दिवशी रंगवलेले कापड तिने नदीत धुतले, तर सगळा निळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. नवऱ्याचेही तसेच. ताप आता पहिल्याइतका नव्हता, पण तो ताट बाजूला सारी आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही.

दहाव्या दिवशी शेजारची येसूमावशी काठी टेकत आली. एके काळी तीही निळीचे काम करायची. डोळ्यांनी कमी दिसे, पण नाक शाबूत होते.

“चिमे, हा वास कसला गं? काय खायला घालतेस याला?”

“कोंडा.”

“आणि गूळ?”

“गूळ सोडलाय मावशी. ह्यांच्यासाठी.”

“तू सोडलास. रांजणानं कधी नवस केला?”

चिमाला हसू यायला हवे होते, पण रडू आले. “घरात गूळ आणला आणि ह्यांना काही झालं तर? मी कुणाला तोंड दाखवू?”

मावशी रांजणावर वाकली, पुन्हा वास घेतला. “अजून पुरता गेला नाही. उद्या सकाळी पोटात गूळ पडला तर वाचेल. त्यानंतर मला हाक मारू नकोस.” जाताजाता ती वळली. “आणि गं, रीत एक गोष्ट सोडायची आहे. तू तर काही शिल्लकच ठेवलं नाहीस.”

चिमा घरात गेली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली. “एक विचारू? मी गूळ परत आणला तर तुम्हाला भीती वाटेल का?”

नवऱ्याने मान वळवली. “आधी तू मला एक सांग. वैद्य तुला काय बोलले? खरं सांग, मी घाबरणार नाही.”

“काय बोलणार? हाड जुळतंय म्हणाले.”

“नुसतं तेवढंच?”

“तेवढंच. का हो?”

त्याने तिचा हात धरला. “अगं, घाटावर जात नाहीस, तोंडातून सूर नाही, डोक्यात फूल नाही, जेवण अळणी. मला वाटलं, मी जाणार हे तुला कळलंय आणि तू आत्तापासूनच सुतक धरलंयस. म्हटलं, जायचंच आहे तर जेवायचं कशाला?”

चिमा कपाळाला हात लावून बसली. “मी तुम्ही उठावं म्हणून सोडलं हो सगळं!”

“मग मी उठावं म्हणूनच परत घे.”

सकाळी ती देवीपुढे उभी राहिली. ती म्हणाली, “आई, एक सोडायची रीत आहे. गजरा तुझ्यापाशी ठेवते, हे चालेपर्यंत घालणार नाही. बाकीचं घेऊन जाते. राग आला तर माझ्यावर धर, ह्यांच्यावर नको.” बाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या, रोजच्यासारख्याच.

मावशीच्या घरून तिने गुळाची अर्धी ढेप आणली. कोमट पाण्यात विरघळवून रांजणात ओतली, हळूच ढवळली, आणि रांजणाच्या तोंडाभोवती उबेसाठी सुके गवत लावले. मग नकळत तिने बोटे चाटली. इतक्या दिवसांनी गूळ जिभेवर आला आणि तिचे डोळे भरून आले.

घाटाच्या पायरीवर जाऊन तिने पाण्यात पाय सोडले. पाणी गार होते. डोक्यावर भारा घेऊन आपण इतके दिवस चाललो आणि तो आत्ता कुठे खाली ठेवला, असे तिला वाटले. भाकरी भाजून होईल एवढाच वेळ ती बसली. परत येऊन तिने वरणात मीठ घातले. नवऱ्याने त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली आणि बोटे चाटत विचारले, “मिठाला पहिल्यापासून एवढी चव होती?”

रांजण मात्र दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. चिमा रोज गूळ घाली, ढवळी, झाकण लावी. चौथ्या सकाळी झाकण काढले तर मधोमध वाटीएवढे जांभळट फूल तरंगत होते.

तिने जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून रांजणात बुडवली. वर काढली, हिरवी. वाऱ्यावर धरली, निळी. धावत नदीवर जाऊन धुतली, पिळली, पुन्हा धुतली. निळीच राहिली. घरात शिरता शिरता ती एकटीच हसत होती.

“काय झालं गं?” खाटेवरून हाक आली.

“रंग धरला हो! धरला!”

“मग भांडी घासायला घे की!”

“कान झाका,” चिमा म्हणाली, आणि रांजण ढवळताना मोठ्याने गुणगुणू लागली.

हाडाला पुरते तीन महिनेच लागले, एक दिवस कमी नाही. पण उरलेले दिवस मीठ घातलेले होते. शेवटी नवरा काठी घेऊन, किंचित लंगडत, घाटापर्यंत चालत गेला. पायरीवर बसून त्याने खिशातून अबोलीचा गजरा काढला. स्वतः गुंफलेला, गाठी वेड्यावाकड्या. चिमाने तो तसाच माळला.

त्या गावात ती रीत अजून आहे, फक्त थोडी बदलली आहे. घरात कोणी अंथरूण धरले की शेजारच्या बाया घरच्या बाईला दोन गोष्टी विचारतात. काय सोडलेस? आणि काय राखलेस? दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय उठत नाहीत.

तात्पर्य: कठीण दिवसांत स्वतःचा लहानसा आनंद सोडल्याने दुसऱ्याचे दुखणे हलके होत नाही. जो हात दुसऱ्याला भरवतो, त्याच्या बोटांना रोज थोडा गूळ लागू द्यावा.