केरबानं बॅटरी जपली

ओढ्यापलीकडच्या वाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. दोष म्हणाल तर तेवढाच.

त्याची बायको हौसा, तिला दिवस गेले होते. आता घरात खाणारं एक तोंड वाढणार, म्हणून केरबानं जुनी जीप विकली आणि भाड्यानं चालवायला विजेची गाडी घेतली. पेट्रोल नको, ऑइल नको, आवाजसुद्धा नको. तालुक्याच्या इमाम मिस्त्रीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "केरबा, या गाडीला रोजचा खर्च नाही. पण बॅटरी गेली तर निम्मी गाडी गेली असं समज. जपलीस तर पंधरा वर्षं पोसेल तुला. पूर्ण भरू नको कधी. ऐंशी टक्के झाली की बास. पूर्ण भरली की आयुष्य कमी होतं."

"बरं, ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

दुसऱ्याच आठवड्यात लग्नाचं भाडं आलं. गाडीत जागा पाच. नवऱ्याचे आई-बाप आणि मामा बसले. केरबा धरून चार झाले. नवरदेव मारुतीला नारळ फोडून आला आणि त्यानं दाराला हात घातला. केरबानं बोटं मोजली. पाचात चार म्हणजे ऐंशी टक्के. त्यानं गाडी सोडली.

नवऱ्याची आई ओरडायला लागली. केरबा शांतपणे म्हणाला, "काकू, पूर्ण भरली की आयुष्य कमी होतं."

मुलाच्या लग्नादिवशी असं ऐकल्यावर ती बाई हबकून देवाचा धावा करायला लागली. नवरदेव मागनं दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून आला, तेव्हा भटजींच्या मंगलाष्टका दोनदा म्हणून झाल्या होत्या.

नवरीच्या बापानं हात जोडून केरबाला समजावलं, की बाबा, ज्याच्यासाठी गाडी निघाली त्याला आधी बसवावं.

"बरं, ध्यानात ठेवतो."

मग शेजारच्या गंगूआजीचं रेडकू आजारी पडलं. आजीनं सांगितलं, तालुक्याला जा आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन ये. केरबा विचारात पडला. गाडी निघाली कोणासाठी? डॉक्टर तर धडधाकट आहे. त्यानं रेडकू उचललं, पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला.

डॉक्टरानं एक सुई टोचली, रेडकू बरं झालं. बरं झाल्याबरोबर सीटवर मुतलं. बॅटरी भिजली की काय, या धास्तीनं केरबानं गाडी भरधाव मिस्त्रीकडं नेली आणि पोचल्या पोचल्या बॅटरी चालतेय का बघायला चार्जिंगची वायर खुपसली. मिस्त्रीनं ती ओढून काढली. तापलेली असताना कधी लावायचं नाही, तो म्हणाला. आधी गार होऊ द्यायचं, मग लावायचं. नाहीतर लवकर मरते.

"बरं, ध्यानात ठेवतो."

पुढच्या महिन्यात हौसाचा बाप तापानं फणफणला. केरबानं त्याला सगळ्यांच्या आधी गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. नर्स सलाईन लावायला आली. केरबा मधे आडवा उभा राहिला.

"बाई, मामा तापलेत. आधी गार होऊ द्या, मग लावा. नाहीतर लवकर मरतील."

अर्धा तास तो सासऱ्याला वर्तमानपत्रानं वारा घालत बसला. नर्सनं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी वॉचमनला बोलावलं, वॉचमननं केरबाला उचलून बाहेरच्या बाकड्यावर ठेवलं, तेव्हा कुठं सलाईन लागली. म्हातारा वाचला.

हौसा चिडली नाही. घाबरली. तिला नववा लागला होता. तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "माझ्या कळा सुरू झाल्या की मिस्त्रीचं काही आठवायचं नाही. हातातलं सगळं सोडायचं आणि दवाखान्याकडं पळायचं. एवढं एकच कराल?"

"करतो," केरबा म्हणाला.

आठव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. केरबानं हौसाला अलगद गाडीत बसवलं. शेजारी गंगूआजीला बसवलं. गाडी चालू केली, बाईला उकडू नये म्हणून एसी लावला, स्टिअरिंग धरलं. तेवढ्यात त्याला आठवलं. त्यानं स्टिअरिंग सोडलं, गाडी सोडली, हौसालाही सोडलं, आणि दवाखान्याकडं पळत सुटला. चौदा किलोमीटर.

दवाखान्याच्या पायरीवर तो कोसळला. डॉक्टर धावत आले.

"पेशंट कुठंय?"

"गाडीत."

"गाडी कुठंय?"

"दारात."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि अ‍ॅम्ब्युलन्स वाडीला धाडली. केरबाला म्हणाले, "तू आलास तसा परत जा."

केरबा पळत निघाला. वाटेत मागनं आलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून दार उघडलं. केरबानं मान हलवली. डॉक्टरांनी आलो तसं जायला सांगितलं होतं.

थोड्या वेळानं तीच अ‍ॅम्ब्युलन्स समोरून आली. खिडकीत हौसा होती. तिच्या हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं. हौसा आता दवाखान्यात पोचणार, या आनंदानं केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दोन्ही हात उंच केले आणि घराकडं आणखी जोरात पळाला.

दारात गंगूआजी उभी होती. "मुलगी झाली रे केरबा, गाडीतच झाली. दोघी सुखरूप हैत, दवाखान्यात गेल्यात. आता पळ तिकडं."

केरबानं गाडीत डोकावलं. एसीनं सात टक्के बॅटरी खाल्ली होती. त्यानं एसी बंद केला, गाडीवर ताडपत्री घातली, किल्ली खिशात टाकली.

आणि पळाला.