तपासणीला न आलेले

"मग इतक्या लोकांनी ज्याचा आधार घेतला, तो निबंध चुकीचा कसा असेल, सर?"

डॉ. हेरंब साटम यांचा आवाज जरा चढलाच होता. आतड्याच्या विकारांवर कुठेही परिषद भरो, पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. आतड्यातला रक्तस्राव थांबवणाऱ्या एका औषधावरचा त्यांचा शोधनिबंध जगभर गाजला होता. इतर संशोधकांनी दिलेले त्याचे संदर्भ हजारोंच्या घरात गेले होते, आणि तो आकडा साहेबांना झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता.

त्याच निबंधासाठी आता मोठा सन्मान मिळायचा होता. पण ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या डॉ. वामनराव घैसासांनी सत्काराला यायला चक्क नकार दिला. फोनवर एवढंच म्हणाले, "तुझा निबंध मला पटलेला नाही."

ते बोलणं जिव्हारी लागलं. म्हणून तर गाडी काढून साहेब देवरुखच्या पुढे, या आडगावात आले होते. इथं मात्र ते नुसते हेरंब होते.

सर ओटीवर घोंगडी पांघरून बसले होते. भर उन्हाळ्यात घोंगडी! हाडांवर नुसती कातडी उरलेली. हेरंब तब्येतीचं विचारणार होता, पण ते राहून गेलं. आधी आपलं काम.

"किती जण बरे झाले?" सरांनी विचारलं.

"शेवटच्या तपासणीला आलेल्यांपैकी जवळजवळ सगळे."

"आणि जे आले नाहीत?"

"त्यांना हिशेबात धरलं नाही. पण लपवलेलं नाही, सर. तसं स्पष्ट लिहिलंय. लोक गाव सोडतात, कंटाळतात, बरं वाटलं की फिरकत नाहीत. सगळीकडे असंच करतात."

"करत असतील…"

सरांच्या वॉर्डात एक रीत होती. बोलावलेला रुग्ण आला नाही, तर विद्यार्थ्यानं त्याच्या घरी जाऊन यायचं. एसटीनं जा, चालत जा, पण जा. बाकीच्या वॉर्डांतली मुलं सरांच्या विद्यार्थ्यांना 'पोस्टमन' म्हणून चिडवायची. हेरंबही एकदा असाच धुळीनं माखून एका दारात पोचला होता. आत त्या रुग्णाच्याच तेराव्याची पंगत बसली होती. डॉक्टर आले म्हणून घरच्यांनी त्यालाही पान मांडलं. तो जेवला आणि परतीच्या वाटेवर ओकला.

"तू गेलास कुणाच्या दारात?"

"सर, आता मला कसं जमणार?"

"मग कुणाला पाठवलंस?"

हेरंबच्या हाताखालची एक मुलगी जायला तयार होती. 'आपण संशोधन करतो, घरोघर फिरत नाही,' असं म्हणून त्यानंच तिला गप्प बसवलं होतं. त्याला लाज वाटली. रागही आला, तो सरांचाच.

तेवढ्यात सर कळ येऊन वाकले. हेरंब पुढे झाला.

"काय होतंय, सर?"

"रक्त जातंय शौचातून. बरेच दिवस झाले."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"रत्नागिरीचा एक डॉक्टर बघतो ना. तरुण आहे, पण खूप वाचतो." सरांनी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढली. "याच आठवड्यात दिल्या. आजपासून सुरू करायच्या आहेत."

हेरंबनं पट्टीवरचं नाव वाचलं. हेच औषध जगाला सांगून तो मोठा झाला होता.

"कशावरून देतोस, असं विचारलं मी त्याला," सर म्हणाले. "त्यानं तुझं नाव घेतलं. फार आदरानं घेतलं हो."

त्यांनी एक गोळी तळहातावर काढली. दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेतलं.

"घेऊ?"

हेरंबनं पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"हेरंब, घेऊ की नको?"

'घ्या' म्हणायला जीभ उचलेना. न आलेल्यांचं काय झालं, ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आणि 'नका' म्हणावं, तर कुठला सन्मान आणि कुठला निबंध! सगळंच पाण्यात. हेरंबचा हात सरांच्या मनगटाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. स्वतःच्या त्या हाताची त्याला किळस आली. तरी तो पुढे सरकेना.

"मुंबईला चला, सर… तिथं बघू…"

"ते मी विचारलं नाही."

सरांनी गोळी अजून तळहातावरच ठेवली होती.

मग त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि भांडं खाली ठेवलं.

"महिन्यानं तपासायला बोलावलंय त्यानं," ते म्हणाले. "मी पोचलो नाही, तर मला कुणात मोजशील?"