तिसरं पातं

“दोन पाती कुठं गेली?”

“कसली पाती?”

“जुन्या इम्पेलरची. सहा होती, चार राहिली. दोन कुठं आहेत?”

श्रीरंग भाटकरच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळी सातपासून तो इंजिनाच्या बोळात गुडघे मोडून बसला होता, आणि हा म्हातारा वर पाटावर बसून त्याला कचऱ्याचा हिशेब विचारत होता!

म्हातारा म्हणजे कासमचाचा होडेकर. दाभोळच्या खाडीत असं एक इंजिन नव्हतं ज्याला चाचाचा हात लागला नाही. बोट होती डॉक्टरीणबाईंची. शिडाची, पण वारा पडला की डिझेलवर चालणारी. उद्या सकाळच्या ओहोटीला बाई कोचीनला निघणार होत्या. इंजिनावर कुणाला घ्यायचं ते त्यांनी चाचावर सोडलं होतं. चाचा हो म्हणाला तर श्रीरंग. डिप्लोमा हातात घेऊन तीन वर्षं तो धक्क्यावर जाळी ओढत होता. आता तरी समुद्रावर इंजिन मिळावं, एवढंच त्याचं मागणं.

आणि चाचा हो म्हणत नव्हता.

इम्पेलर म्हणजे पंपातली रबरी पात्यांची चकती. ती फिरते, समुद्राचं पाणी ओढते, ते पाणी कूलरमधून जाऊन इंजिन थंड ठेवतं आणि शेवटी धुराबरोबर मागच्या पाइपातून बाहेर पडतं. एवढं तर श्रीरंगला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जुनी चकती झिजून तुटली होती, त्याने नवी घातली. इंजिन सुरू केलं. मागून धूर आला, पाणी आलं, तापमानाचा काटा मध्यावर उभा राहिला.

“चाचा, काटा बघा! पाणी बघा! अजून काय हवंय तुम्हाला?”

चाचा उठला. लुंगी आवरत मागे गेला, पाइपाखाली तळहात धरला. बराच वेळ तसाच वाकून उभा.

“आवाज मोठा आहे,” तो म्हणाला. “पाणी लहान आहे.”

“पडतंय ना पण!”

“शिंकतंय. पडत नाही... बंद कर.”

श्रीरंगने इंजिन असं बंद केलं की बाई खालच्या खोलीतून वर आल्या.

“काय झालं?”

“काही नाही झालं, बाई! हेच तर म्हणतोय मी. काही नाही झालं! यांना दोन रबराचे तुकडे पाहिजेत. चार दिवस झाले, पाणी गाळायची जाळी तीनदा धुवायला लावली, पाइपाची प्रत्येक क्लिप काढून परत बसवायला लावली, गंज अडवणारी जस्ताची कांडी नवी होती तरी काढून दाखव म्हणाले. मी काय शाळेतला पोर आहे?”

“तुकडे कुठं गेले?” चाचाने विचारलं. तेच, त्याच आवाजात.

“गेले असतील दर्यात! पाण्याबरोबर आत गेले, पाण्याबरोबर बाहेर पडले. आणखी कुठं जाणार?”

“जाताना बघितलेस?”

“तिथं कोण बघत बसतं?”

 चाचाने जुनी चकती उचलून श्रीरंगच्या हातावर ठेवली. तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. कडा ताजी होती, काळी, चकचकीत.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “चाचा, मला माणूस ठरवायचाय. हो की नाही तेवढं सांगा.”

चाचा खाडीकडे बघत राहिला...

“ठीक आहे!” श्रीरंग ओरडला. “ठीक आहे! कूलर उघडतो. आत काही नाही हे तुमच्या नाकासमोर दाखवतो, आणि मग मला नाही म्हणायचं असेल तर कारण तरी धड शोधा!”

त्याने समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद केला, पाइप सोडवला, कूलरचं झाकण काढलं. रागात माणूस काम भराभर करतो, आणि श्रीरंगचा हात मुळात चांगलाच होता.

आत बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं.

एक पातं.

त्याला चिकटून दुसरं.

श्रीरंगचे कान तापले. वर न बघता त्याने दोन्ही पाती पाटावर ठेवली. चाचाने “बघ” म्हटलं नाही. हसलाही नाही. ते जास्त लागलं.

झाकण बसवायला घेतलं, आणि हात थांबला. त्याने वाकडी तार आत घातली, कूलरमधल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी फिरवली. तार अडकली. ओढली.

तिसरं पातं आलं.

हे त्याने काढलेल्या चकतीचं नव्हतंच. दगडासारखं कडक, मिठाने पांढरं पडलेलं. वर्षानुवर्षं त्या नळ्यांच्या तोंडावर बसून होतं.

आणि श्रीरंगच्या रागाला जागा मिळाली.

“हे बघा! हे माझं नाही! हे कुठल्या गाढवाचं आहे? बाई, चार वर्षांपूर्वी दीपस्तंभापुढे बोट तापली, बंद पडली, खडकावर जाता जाता राहिली... ती ह्याच्यामुळे! सगळा गाव इंजिनाला नासकं म्हणत बसला. इंजिन नासकं नव्हतं, मिस्त्री नासका होता! नवी चकती घातली, हात पुसले, आणि म्हणाला असेल, गेलं दर्यात! असल्या माणसाला तर...”

बाईंनी त्याच्या दंडाला हात लावला.

“श्रीरंग, पुरे.”

“का पुरे? माणसं मेली असती! कोण होता तो?”

 बाईंनी चाचाकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

तेव्हा श्रीरंगला आठवलं. या बोटीच्या इंजिनाला नऊ वर्षं एकाच माणसाचा हात होता. आणि दीपस्तंभाच्या त्या दिवसानंतर तो माणूस पुन्हा बोटीबरोबर समुद्रावर गेला नव्हता. कुणी विचारलं तर गुडघा दाखवायचा.



चाचा पुढे झाला. पांढरं पडलेलं पातं उचललं, लुंगीला पुसलं, डोळ्यांजवळ नेलं.  मग ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

“बाई,” तो म्हणाला, “उद्या याला न्या.”

 पाइपातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. श्रीरंग खाली मान घालून उभा, तार अजून हातात.

“चाचा... मी...”

“थांबलास का?” चाचा म्हणाला. “बोल की पुढे. तेव्हा मला कुणी बोललंच नाही.”